प्रोसेसर दोन लावले म्हणजे टेलिफोन एक्सचेंज बंद पडत नाही? या चुका टाळा

एक्सचेंजच्या कंट्रोलचं डिझाइन तपासायला घेतलं की पहिल्याच पानावर ठरलेलं वाक्य भेटतं: 'प्रोसेसर दोन आहेत, म्हणून सिस्टिम भरवशाची.' एक पडला हे दुसऱ्याला कसं कळणार, याबद्दल पुढे अवाक्षर नसतं.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जचं नंबर १ ईएसएस हे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज १९६५ मध्ये न्यू जर्सीत सक्कासन्नाला सुरू झालं. उद्दिष्ट होतं, ४० वर्षांत मिळून फार तर २ तास बंद. पुढच्या अनुभवातून हिशेब निघाला तो असा: बंद वेळेतला जेमतेम २० टक्के वाटा हार्डवेअर बिघडल्याचा. बिघाडातून सावरता न आल्याचा ३५ टक्के, माणसाच्या हातून झालेल्या चुकांचा ३० टक्के. तरी नवशिक्यांचा सगळा जीव महागड्या चिपमध्ये!

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो हिरव्या दिव्यावर. तालुक्याच्या एका एक्सचेंजमध्ये चालू बाजूचा, म्हणजे काम करत असलेल्या प्रोसेसरचा, पॉवर कन्व्हर्टर गेला. स्टँडबायनं, म्हणजे राखीव बाजूनं, ताबा घेतला आणि लगेच रिसेट झाली. पुन्हा उठली, पुन्हा रिसेट. संध्याकाळपर्यंत गावाला डायल टोन नाही. तिचं मेमरी कार्ड केव्हाच मेलेलं होतं, पण पुढचा दिवा छान हिरवा. मागं जाऊन वायरिंग पाहिलं तर दिवा थेट ५ व्होल्टला जोडलेला! म्हणजे तो फक्त 'वीज आहे' एवढंच सांगत होता. अलार्मच्या भोंग्यात कुणीतरी कापूस कोंबला होता, तो वेगळाच.

दिवा प्रोसेसरच्या हातात द्या. स्वतःची चाचणी पूर्ण करून त्यानं दर खेपेला पल्स द्यावा. पल्स चुकला की दिवा विझलाच पाहिजे. शिवाय दर आठवड्याला पहाटे, ट्रॅफिक कमी असताना, मी बाजू बदलायला लावतो. 'चालू आहे ते कशाला छेडायचं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तारीख लिहून घेतो.

तपासणाऱ्या सर्किटची परीक्षा कोणी घेत नाही, ही दुसरी खोड. नंबर १ ईएसएसमध्ये दोन्ही प्रोसेसर एकच काम एकाच वेळी करत आणि मॅच सर्किट दोघांचे आकडे ताडून बघे. आकडे जुळले नाहीत तर कुठंतरी चूक आहे एवढंच कळतं. चुकलं कोण, हे निदानाचा प्रोग्राम ठरवतो. तो पक्का करायला त्या लोकांनी ५०,००० हून जास्त बिघाड मुद्दाम घालून पाहिले. आपल्याकडे दोन पिना शॉर्ट करून 'टेस्टिंग झालं' म्हणतात. मी एक्स्टेंडर कार्ड लावून, म्हणजे कार्ड रॅकबाहेर काढून चालू ठेवून, एकेक पिन शून्य व्होल्टला ओढतो. कंटाळवाणं काम आहे, शॉर्टकट नाही.

दोन्ही बाजू एकाच फ्यूजवर नकोत. क्लॉकही, म्हणजे प्रोसेसरला ठेका देणारं सर्किटही, एकच नको.

आपोआप बाजू बदलण्यावर मर्यादा घाला, नाहीतर दोन्ही बाजू रात्रभर एकमेकींकडे ताबा ढकलत बसतात.

आणि तंत्रज्ञाला नावं ठेवण्याआधी रॅक बघा. दोन सारखी कार्डं, दोन सारखे स्विच, लेबल पुसट: रात्री दोनला बिघडलेलं सोडून चालू कार्डच ओढलं जाणार. चालू बाजूचा स्विच दाबला तरी वीज तुटू नये असा इंटरलॉक घाला. त्याला एक रिले पुरतो.