यूजर एजंट वाचायचा कसा: इथं सगळेच मोझिलाकडचे

रावेरच्या एका केळी व्यापारी भाऊंना मी रोजच्या भावाचं एक पान बनवून दिलंय, तर त्यांनी एकदा विचारलं की लोक कशावरून पाहतात ते काढून दे. मी सर्व्हरचा लॉग (कोणी कधी पान उघडलं त्याची नोंदवही) उघडला, त्यात 'सफारी' हे ॲपलच्या ब्राउझरचं नाव शोधलं आणि सांगून मोकळा झालो की जवळपास सगळेच आयफोनवाले आहेत. ते म्हणे, अरे यावल-रावेरच्या बागांमध्ये एवढे आयफोन आले कुठून?

मग यूजर एजंटची, म्हणजे ब्राउझर सर्व्हरला स्वतःची ओळख सांगतो ती, एक ओळ नीट वाचली. लॉगमध्ये ही इंग्रजी अक्षरांत असते, इथं देवनागरीत देतोय:

मोझिला/५.० (लिनक्स, अँड्रॉइड १०, के) ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१३०.०.०.० मोबाइल सफारी/५३७.३६

हा साधा अँड्रॉइडवरचा क्रोम आहे, बाकीची नावं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घुसायला सांगितलेली नाती. नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं आतलं नाव मोझिला, त्याला फ्रेम्स (एका पानात वेगवेगळे कप्पे) दाखवता यायच्या म्हणून बऱ्याच साइट चांगलं पान फक्त मोझिलाला वाढायच्या, मग १९९५ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररनं पण 'मी मोझिलाकडचाच' म्हणून पान मांडून घेतलं. पुढं २००३ ला सफारी आला, त्याचं इंजिन (पान मांडणारा आतला भाग) केएचटीएमएल या दुसऱ्या इंजिनावरून घेतलेलं म्हणून ते नाव आणि वर 'लाइक गेको', म्हणजे मोझिलाच्या गेको इंजिनासारखा, हेही, आणि २००८ मध्ये क्रोम आला तो सफारीचं नाव सांगत. जुनं नाव काढायची हिंमत कोणी करत नाही, कारण काढलं की कुठली तरी साइट बंद पडते.

म्हणून शोधायचा क्रम महत्त्वाचा, माझी चूक तिथंच झाली. आधी सगळ्यात खास नाव बघा: मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरसाठी इ-डी-जी (शेवटचा ई गाळलाय, पूर्ण 'एज' शोधलं तर आजचा एज सापडतच नाही), ऑपेरासाठी ओ-पी-आर, मग सॅमसंगब्राउझर. हे नसलं तर क्रोम, आणि क्रोमपण नसला तरच सफारी. आयफोनवरचा क्रोम मात्र स्वतःला सी-आर-आय-ओ-एस लिहितो, म्हणून तोही सफारीच्या आधी तपासायचा. सफारीचा खरा नंबर 'व्हर्जन/' पुढं असतो, 'सफारी/' पुढचा नाही. कंसात 'डब्ल्यूव्ही' दिसलं तर समजा कोणत्या तरी ॲपच्या पोटात पान उघडलंय.

व्हर्जनचा पहिला आकडाच घ्या, पण पूर्ण, टिंबापर्यंत, आणि तो संख्या करूनच तुलना करा. ऑपेरा १० आला तेव्हा कित्येक साइटच्या कोडनं पहिलाच अंक उचलला आणि त्याला ऑपेरा १ समजल्या, शेवटी बिचाऱ्यानं ओळीच्या सुरुवातीला ९.८० लिहायला घेतलं.

कंसातल्या 'अँड्रॉइड १०, के' वर तर जाऊच नका भो. क्रोमनं माहिती कमी करायची ठरवल्यापासून अँड्रॉइड फोन कोणताही असो, हेच येतं. विंडोज ११ पण तिथं विंडोज १० सारखं एनटी १०.० च दाखवतो.

आणि ही ओळ म्हणजे पुरावा नाही, कर्लला (कमांड लिहून पान मागवायचं साधन) एक पर्याय दिला की कोणीही स्वतःला गूगलबॉट, म्हणजे गूगलचा पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, म्हणवू शकतो. एखादी सोय चालते की नाही एवढंच पाहायचं असेल तर ब्राउझरचं नाव कशाला विचारता, ती सोय आहे का तेच जावास्क्रिप्टनं तपासा.

मी पुन्हा मोजलं, अँड्रॉइडवरचा क्रोमच वर आला, भाऊ पण खूश. फक्त त्यांचा स्वतःचा आयपॅड माझ्या यादीत मॅक म्हणून पडला होता. २०१९ पासून आयपॅडवरचा सफारी स्वतःला मॅकिंटॉशच म्हणतो, ओळीत फरकच नाही. आते काय करानं? पानात दोन ओळी टाकल्या: मॅकिंटॉश लिहिलंय आणि 'नेव्हिगेटर डॉट मॅक्सटचपॉइंट्स' एकापेक्षा जास्त आहे, तर आयपॅड धर.