व्हीएचडीतून विंडोज बूट करायच्या आधी जागा मोजा

गिरगावात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल असली कामं. आमचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचा यूएसबी डोंगल (लायसन्सची चावी, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) विंडोज 11 वर चालत नाही, म्हणून विंडोज 10 एका व्हीएचडीएक्स फाइलमध्ये (व्हीएचडी म्हणजे व्हर्च्युअल हार्ड डिस्क, व्हीएचडीएक्स हा तिचाच नवा प्रकार) टाकून मशीन त्या फाइलीतूनच बूट करतो. हे व्हर्च्युअल मशीन नव्हे. विंडोज थेट खऱ्या हार्डवेअरवर चालतं, डोंगल नीट दिसतो, फक्त त्याची सी ड्राइव्ह म्हणजे एक भलीमोठी फाइल असते. सोय खरंच चांगली आहे, पण पहिल्या वेळी गणपतीच्या तोंडावर मी एका मंडळाच्या अहवालाची 48 पानं घालवून बसलो, आणि आता ओळखीतले तिघंचौघं हेच करायला निघालेत म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

बॅकअप घ्या. बाहेरच्या डिस्कवर, आजच.

आता जागा. फाइल बनवताना दोन प्रकार असतात, फिक्स्ड आणि एक्स्पांडेबल. एक्स्पांडेबल म्हणजे कमाल साइज 120 जीबी सांगितली तरी डिस्कवर फाइल दिसते 16 जीबीचीच, जसजसं भराल तसतशी वाढते. मला वाटलं वा, जागा वाचली. पण त्या फाइलीतून बूट करताना विंडोज ती थेट कमाल साइजपर्यंत फुगवतं, म्हणजे 16 ची 120 व्हायला आणखी 104 जीबी त्या ड्राइव्हवर त्या क्षणी मोकळी लागते. मशीन बंद केलं की फाइल परत आक्रसते, त्यामुळे नेहमीच्या विंडोजमधून बघाल तर कायम 16 च दिसणार आणि कुणाला शंकाही येणार नाही. माझी एसएसडी 256 ची, ती विंडोजमध्ये 238 दिसते. फाइल बनवली तेव्हा मोकळी जागा 134 होती, तीन आठवडे सगळं सुरळीत. मग मंडळाच्या जुन्या फोटोंचे 40 जीबी स्कॅन त्याच ड्राइव्हवर कॉपी केले. राहिले 94, लागत होते 104.

रात्री साडेनऊला बूट केलं तर निळी स्क्रीन येऊन लगेच रीस्टार्ट, वाचायलाही वेळ नाही. मी समजलो फाइल करप्ट झाली. डिलीट केली, नवीन बनवली, परत 120 ची, आणि परत तीच निळी स्क्रीन. तेव्हा पुतण्या म्हणाला, काका, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि पॉज करून बघा. पॉज केल्यावर दिसलं, व्हीएचडी बूट होस्ट व्हॉल्यूम नॉट इनफ स्पेस, कोड 0x136. करप्ट काही नव्हतंच! स्कॅन दुसरीकडे हलवले असते तर दोन मिनिटांत चालू झालं असतं. पानं त्या डिलीट केलेल्या फाइलीच्या डेस्कटॉपवर होती. रात्रभर बसून परत टाइप केली, प्रूफ परत वाचायला मंडळाच्या सेक्रेटरींना पहाटे उठवलं.

म्हणून फिक्स्डच करा. सगळी जागा बनवतानाच घेतली जाते, नसेल तर तिथेच एरर येतो, तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊला नाही. आकडाही उगाच मोठा नको, 60 जीबी डीटीपीला पुष्कळ आहे. फिक्स्ड केलं तरी मोकळी जागा ठेवा, कारण पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल, व्हीएचडीच्या आत नसते, ती बाहेर खऱ्या डिस्कवर बनते, रॅम 16 जीबी असेल तर तेवढे तरी सोडा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) बदल करून फुगणं थांबवता येतं असं कुणीतरी सांगेल, पण मग काम चालू असताना बाहेरची ड्राइव्ह भरली तर आतलं विंडोज मध्येच कोसळेल, ते नको. उत्तम म्हणजे व्हीएचडीसाठी वेगळं पार्टिशन काढा आणि त्यात दुसरं काहीही टाकू नका, स्कॅन तर नाहीच नाही. पार्टिशन एनटीएफएस फॉरमॅटचं हवं, आणि मशीनच्या आतल्याच डिस्कवर.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. व्हीएचडी ज्या ड्राइव्हवर आहे ती एन्क्रिप्टेड चालत नाही. नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपण न सांगताच चालू झालेलं असतं, तेव्हा सेटिंग्जमध्ये बघाच, आणि रिकव्हरी की (एन्क्रिप्टेड डिस्क उघडायचा नंबर) कागदावर लिहून घ्या, बूटच्या सेटिंगला हात लागला की ती मागितली जाऊ शकते. वेगळं पार्टिशन काढायचं हेही एक कारण, फक्त तेवढंच उघडं राहतं. लोकलने रोज लॅपटॉप नेणाऱ्यांनी अख्खी डिस्क उघडी करू नये, आत गिऱ्हाइकांचे आधार कार्ड वगैरे असतात.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ. नाहीतर बाहेरचं, म्हणजे मशीनचं नेहमीचं विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि दोघं एकाच डिस्कवर लिहून घोळ घालतात. व्हीएचडीतल्या विंडोजमध्ये हायबरनेट तसंही चालत नाही, स्लीप चालतं.

विंडोजचं आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल), लायसन्स की, प्रिंटरचे आणि डोंगलचे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. विंडोज 7 टाकायचं असेल तर फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइज चालतं, आणि व्हीएचडीएक्स नव्हे, साधी व्हीएचडी लागते.

मग डिस्कपार्ट, हे कमांड प्रॉम्प्टमधलं डिस्कचं टूल. क्रिएट व्हीडिस्क, टाइप फिक्स्ड, मॅक्झिमम एमबीमध्ये द्यायचं असतं, 60 जीबी म्हणजे 61440. एंटर मारायच्या आधी माय कॉम्प्युटर उघडून मोकळी जागा परत एकदा बघा. हो, परत. मग सिलेक्ट, अटॅच, पार्टिशन, फॉरमॅट, आणि नव्या ड्राइव्हला व्ही हे अक्षर. अख्खी डिस्क पुसणारी क्लीन ही कमांड वापरायची गरजच नाही, चुकीची डिस्क सिलेक्ट असेल तर दुकान गेलं.

नंतर आयएसओच्या सोर्सेस फोल्डरमधली इन्स्टॉल नावाची फाइल, विम किंवा ईएसडी, डिझम या विंडोजच्याच कमांडने व्ही ड्राइव्हवर अप्लाय करायची. त्याआधी डिझमच्याच गेट-इमेजइन्फोने हव्या त्या एडिशनचा इंडेक्स नंबर बघा, नाहीतर प्रोऐवजी होम पडेल. मग बूट मेनूत नोंद करणारी कमांड, बीसीडीबूट, व्ही कोलन, बॅकस्लॅश विंडोज. झालं, बूट मेनूत नाव येतं. ते डिफॉल्टही होऊन बसतं, नको असेल तर एमएसकॉन्फिगमध्ये बदला.

आत गेल्यावर ड्रायव्हर, डोंगल, फॉन्ट, एक टेस्ट प्रिंट. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, म्हणून आत नेट जोडत नाही, फाइली पेनड्राइव्हने. फाइल हलवू नका, नाव बदलू नका, बूट मेनूत तिचा पत्ता लिहिलेला असतो. बॅकअप सोपा, बाहेरच्या विंडोजमधून ती अख्खी फाइल कॉपी करायची. काम मात्र आतल्या डेस्कटॉपवर ठेवू नका, बाहेरच्या ड्राइव्हवर सेव्ह करा.

पण ते व्हीएचडीच्या पार्टिशनवर नाही. निळी स्क्रीन आलीच तर काहीही डिलीट करायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मोकळी जागा मोजा.