घाटासाठी इलेक्ट्रिक गाडी घेताय? या चुका टाळा

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याहून रोज घाट चढून चिखलदऱ्याला शाळेत, दवाखान्यात किंवा वन विभागात जाणाऱ्याला पेट्रोलचा खर्च जड जातो. मग इलेक्ट्रिक गाडी बघायला सुरुवात होते आणि शेवटी पसंती दोन गाड्यांवर येऊन अडते. एक स्वस्त, मागच्या चाकातच मोटार, बॅटरी 2 युनिटची. दुसरी महाग, मोटार मधे, बेल्टने किंवा चेनने चाक फिरवणारी, बॅटरी 3 युनिटची. दुकानदार म्हणतो, “भाऊ, दोन्ही शंभर चालतात, बिनधास्त न्या.” सपाट रस्त्यावर चालतीलही. घाटाचा हिशेब वेगळा आहे.

चूक पहिली: किलोमीटरचा आकडा बघून निवडणे

कंपनीची रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा, ठरलेल्या चाचणीत मोजलेली असते, तुमच्या घाटात नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1,118 मीटरवर आहे, म्हणजे परतवाड्यापासून जवळपास 700 मीटर चढावं लागतं. गाडी 110 किलो आणि डबलसीट माणसं 130 किलो धरा. हे 240 किलो नुसतं वर उचलायला सुमारे 450 वॅट-तास वीज लागते (1,000 वॅट-तास म्हणजे एक युनिट). मोटार आणि कंट्रोलरमध्ये (मोटारीला किती वीज सोडायची ते ठरवणारा भाग) वाया जाणारं धरलं तर साडेपाचशेच्या पुढे, म्हणजे अर्ध्या युनिटहून जास्त. शिवाय तीसेक किलोमीटर रस्ता कापायची वीज वेगळी, ती 800-900 वॅट-तास. 2 युनिटच्या बॅटरीतलं दीड युनिट एका बाजूलाच संपतं. बॅटरी उतरली की गाडीची ताकदही कमी होते, आणि खरा चढ तर वाटेतलं धामणगाव गढी हे गाव सोडल्यावर, शेवटीच लागतो.

चूक दुसरी: पिकअपला भुलणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोटारीच्या ताकदीचे दोन आकडे असतात. एक काही सेकंदांपुरता, जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला. दुसरा सतत देता येणारा, ज्याला रेटेड पॉवर म्हणतात. घाटात दुसराच कामाचा. गाडीसकट 200 किलो वजन घेऊन 8 टक्के चढावर (शंभर मीटरला आठ मीटर उंची) ताशी 30 किलोमीटरने जायचं तर चाकाला दीड किलोवॅटच्या वर ताकद सलग मिळत राहावी लागते.

चाकातल्या मोटारीला बहुतेक वेळा गिअर नसतो. चढ तोच असेल तर गाडी हळू चालवा की जोरात, चाकाला लागणारा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर) जवळपास तेवढाच राहतो आणि मोटारीच्या तारांतून जाणारा करंटही तेवढाच. म्हणून इको मोडवर रांगत गेलात तर मोटार गार राहत नाही, उलट जास्त वेळ तापते. मग कंट्रोलर स्वतःला वाचवायला ताकद कापतो आणि गाडी मधेच मरगळते. मधल्या मोटारीला बेल्ट-चेनमुळे गिअरचा फायदा मिळतो, त्यामुळे त्याच चढावर ती कमी कष्टात फिरते.

गाडी अशी मरगळली तर सावलीत थांबा. मागे बसलेल्याला थोडं चालू द्या. तापलेल्या मोटारीवर पाणी ओतू नका. सपाट रस्त्यावरही तीच तक्रार आली तर दोष उष्णतेचा नाही, बॅटरी तपासून घ्या.

लायसन्स न लागणारी, 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतली गाडी या रस्त्यासाठी घेऊच नका. 8 टक्के चढावर तेवढ्या ताकदीत माणूस पायी चालतो तेवढाच वेग मिळतो.

चूक तिसरी: चार्जिंग गृहीत धरणे

आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही, व्होल्टेजही पडतं. घरी 16 अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग आहे का, हे गाडी घेण्याआधी वायरमनला दाखवा. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, तेव्हा उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर गार होऊ द्या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी उष्णता जास्त सोसते. तेवढ्यासाठी थोडं वजन वाढलं तरी मी तीच घेईन.

चूक चौथी: उताराचा विचार न करणे

बऱ्याच गाड्यांत उतरताना मोटार ब्रेकसारखी धरते आणि थोडी वीज परत भरते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागाच नसते, मोटारीचा हा ब्रेक जवळपास बंद होतो आणि सगळा भार चाकाच्या ब्रेकवर येतो. म्हणून वर चार्ज करणार असाल तर 80-85 टक्क्यांवर थांबा. डबलसीट जाणाऱ्याने पुढे डिस्क ब्रेक असलेलीच गाडी घ्यावी.

रोज डबलसीट वरपर्यंत जायचं असेल तर मधल्या मोटारीची गाडी घ्या, जास्तीचे पैसे सार्थकी लागतील. एकट्याने पायथ्यापर्यंतच जाणं असेल तर स्वस्त गाडी पुरे. ट्रायल मात्र दुकानासमोरच्या रस्त्यावर नको. दुपारच्या उन्हात, मागे माणूस बसवून, बॅटरी निम्मी असताना घाटात मागा. आणि गाडी मोबाईल अ‍ॅपशिवाय, नुसत्या किल्लीने सुरू होते का ते विचारा, कारण मेळघाटात बऱ्याच ठिकाणी नेटवर्क मिळत नाही.