ढग आले की थंडी गेली समजता? हवामान बघताना या चुका टाळा

आमच्याकडे निफाड साइडला जानेवारीत एक सीन होतोच. दोन दिवस आभाळ येतं, रात्री गोधडी नको वाटते, पहाटेचा पारा ८ वरून १५-१६ वर जातो आणि सगळे म्हणतात चला, गेली एकदाची थंडी. मामांनी एका वर्षी याच भरवशावर द्राक्षबागेत शेकोटीसाठी रचलेली लाकडं उचलून घरी बंबाला लावली. तिसऱ्या रात्री आभाळ मोकळं, वारा उत्तरेचा, आणि सकाळी पारा ५ वर. पाणी उतरलेले मणी तडकले होते, घड हातात घेतला की बोटं चिकट व्हायची आणि ऊन वर आल्यावर माश्या.

तर ही चूक नंबर एक. ढगाळ हवा म्हणजे थंडी संपली असं धरून चालायचं नाही, उलट तेव्हाच सावध व्हायचं. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी चक्रावात (ढग, पाऊस, बर्फ आणणारे कमी दाबाचे भोवरे) येतात, ते उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकत जातात. त्याच्या पुढच्या बाजूला वारा दक्षिणेकडचा असतो, तो बाष्प आणतो, ढग होतात, आणि ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली चादर, रात्री उष्णता वर निसटत नाही म्हणून किमान तापमान चढतं. चक्रावात पुढे सरकला की मागून वायव्येची कोरडी गार हवा राजस्थान-गुजरातवरून खाली खानदेशात, नाशकात घुसते. म्हणजे ढग हे इंजिन, थंडीचे डबे मागून येतात. काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी आली की ॲपमध्ये पुढच्या दोन-तीन दिवसांचा वारा बघा, उत्तर किंवा वायव्य दिसला तर लाकडं जागेवरच ठेवा आणि रात्री बागेला पाणी द्यायची तयारी ठेवा, विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं.

वारा बघताना अजून एक गंमत होते. उत्तरेचा वारा म्हणजे उत्तरेकडून येणारा, पण बऱ्याच ॲपमध्ये बाण तो जातो त्या दिशेला दाखवतात, मग लोक बाण खाली बघून दक्षिणेचा वारा म्हणतात आणि सगळाच हिशेब उलटा. एकदा गच्चीवर जाऊन चुलीचा धूर कुठे जातोय ते बघून खात्री करा, नंतर चुकत नाही.

आता दमट हवेबद्दल. दमट हवा जड असते असं निम्म्या लोकांना वाटतं, मलाही वाटायचं, कारण अंगाला जड वाटते ना. खरं तर त्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरडीपेक्षा हलकी, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू १८ वजनाचा आणि नायट्रोजन २८, ऑक्सिजन ३२. हलकी म्हणूनच तिला वर उचलायला सोपं जातं, वर गेली की गार होते आणि मग गडगडाट.

आणि ते आर्द्रतेचे टक्के बघणं सोडा बरं का, नुसत्या टक्क्यांनी फसायला होतं. पहाटे ८ अंशाला ९० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण साडेसात ग्रॅम बाष्प असतं, आणि दुपारी ३५ अंशाला ५० टक्के म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम. टक्के कमी आणि पाणी अडीचपटीहून जास्त! त्यापेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की दव पडायला लागतं तो आकडा; बाष्प जास्त तेवढा तो वर. तो आकडा बदलला म्हणजे तुमच्या डोक्यावरची हवाच बदलली, दुसऱ्या गावाहून दुसरी हवा आली. पुस्तकात यालाच वायुराशी म्हणतात. मार्चमध्ये दवबिंदू ८ वरून १८ वर गेला की समजायचं समुद्राकडचं बाष्प पोचलं.

काही जण भारताच्या नकाशावर निळे त्रिकोण आणि लाल अर्धगोल शोधत बसतात. ते फ्रंट, म्हणजे गार आणि उबदार हवा भिडते त्या सीमारेषा (मराठीत आघाडी म्हणतात, पण ते म्हटलं की लोकांना राजकारणच आठवतं), नॉर्वेतल्या बर्गेनच्या शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धानंतर मांडले, नावही युद्धातल्या फ्रंटवरूनच घेतलं. शिकागोला असलेल्या माझ्या भावाला ते रोज कामाला येतात, कोल्ड फ्रंट गेला की तासाभरात अंगात जाकीट घालावं लागतं. आपल्याकडे दोन हवांमधला तापमानाचा फरक इतका कमी असतो की तशी रेषा नीट टिकतच नाही. आपल्याकडे फरक असतो तो बाष्पाचा. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये विदर्भापासून केरळपर्यंत द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा) किंवा वाऱ्यांची खंडितता (जिथे वाऱ्याची दिशा एकदम बदलते ती रेषा) असं येतं ना, ती वाचून सोडून देऊ नका. तिथे एका बाजूची कोरडी आणि दुसऱ्या बाजूची दमट हवा एकमेकींना भिडत असते, वळीव बऱ्याचदा त्याच पट्ट्यात कोसळतो.

गारांच्या बाबतीत तर सगळे जमिनीवरचं तापमान बघून चुकतात. ३४ अंशात गारा कशा पडतील असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच. खाली ऊन आणि बंगालच्या उपसागराकडून आलेलं बाष्प, वर पश्चिमेकडून आलेली थंड हवा, हा फरक जेवढा मोठा तेवढा ढग जोरात वर धावतो आणि त्यातले थेंब गोठत राहतात. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात दिवसेंदिवस गारपीट झाली, तेव्हा गहू, हरभरा, द्राक्ष, संत्रा काही म्हणून सुटलं नाही. जुलैत बाष्प याहून कितीतरी जास्त असतं तरी गारा नाहीत, कारण तेव्हा वरची हवाही तितकी गार नसते. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल दवबिंदू चढलाय, पश्चिमी चक्रावात पण आहे आणि दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखे ढग भराभर उंच वाढतायत, असं तिन्ही जुळलं तर काढलेला कांदा शेतात उघडा ठेवू नका, ताडपत्री आधी.

मुंबईकरांची चूक वेगळी. समुद्र शेजारी आहे म्हणजे फार तापणार नाही असं त्यांना वाटतं. पण मार्चमध्ये वारा पूर्वेचा असेल तर जमिनीवरची तापलेली हवा शहरावर बसते आणि समुद्राचा वारा आत यायला उशीर करतो. २०११ च्या मार्चमध्ये सांताक्रूझला ४१.६ अंश झालं होतं. सकाळी अकरा-साडेअकराला पश्चिमेचा वारा सुटला तर ठीक, दोन वाजेपर्यंत नाही सुटला तर त्या दिवशी लोकल पकडून कुठे जायचंय ते संध्याकाळवर ढकला.