कुकीज मऊ राहीनात, तेव्हा

घरच्या फ्रॉस्टिंगवाल्या (वर बटर आणि आयसिंग शुगरचा थर दिलेल्या) कुकीज गार झाल्या की थेट नानकटाई! चव झकास, पण मला हव्या होत्या मऊ. मग 2 कप मैद्यातला 2 मोठे चमचे मैदा काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घातलं, शिवाय पाव कप चक्का. कॉर्नफ्लोअरमुळे ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी धरतं, चक्क्यामुळे ओल टिकते. खरी गंमत ओव्हनची: 175 अंशांवर 9-10 मिनिटं, आणि मधोमध कच्चट दिसत असतानाच ट्रे बाहेर. तापल्या ट्रेवर त्या उरलेल्या भाजल्या जातात. कडा तपकिरी व्हायची वाट बघितलीत की संपलंच. फ्रॉस्टिंग मात्र पूर्ण गार झाल्यावरच. बटर 32-35 अंशांना वितळतं, मे महिन्यात तर पंख्याखालीही ओघळतं. आयसिंग शुगर चाळून घ्या, गुठळ्या फार चिवट असतात.