वॉटर बर्थ हवाय, पण बाळंतपण झटपट होणार असेल तर या चुका टाळा

माझ्या पहिल्या खेपेला पहिली कळ आल्यापासून लेक हातात येईपर्यंत पावणेतीन तास लागले. पहिलटकरणीच्या मानाने हे फारच लवकर. तीन तासांच्या आत उरकणाऱ्या अशा बाळंतपणाला डॉक्टर ‘प्रेसिपिटेट लेबर’ म्हणतात. दुसरेपणी सहसा पहिल्यापेक्षा कमीच वेळ लागतो, हे मला माहीत होतं. तरीही मनात एकच चित्र होतं: कोमट पाण्याचा टब, मंद दिवा आणि पाण्यातून वर येणारं बाळ.

तेव्हा आम्ही इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहत होतो. तिथे सरकारी आरोग्यसेवेत घरी बाळंतपण करता येतं, मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येते, टब भाड्याने मिळतो. मुलगा झाला तेव्हा आमच्या टबात पाणी जेमतेम पोटरीपर्यंत होतं. नवरा नळाला पाइप धरून उभा, आई गॅसवर दोन मोठी पातेली तापवत होती आणि मी न्हाणीघराच्या दारात टॉवेलवर गुडघे टेकून. मिडवाइफ चार मिनिटांनी पोचली. सगळं सुखरूप झालं, पण ती चार मिनिटं अजून अंगावर येतात. आम्ही जे चुकलो ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

एक सांगून ठेवते, पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. पाण्यात अंग हलकं होतं, कूस बदलणं सोपं जातं. सुरुवातीच्या कळा पाण्यात काढणाऱ्या बायकांना एपिड्यूरलची (पाठीच्या कण्यापाशी टोचून कळा बधिर करण्याची) गरज बहुधा कमी लागते, असं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात दिसलं. फ्रान्समधल्या पिथिव्हिए गावातले डॉक्टर मिशेल ओडाँ यांनी 1983 मध्ये पाण्यातल्या बाळंतपणांबद्दल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, तेव्हापासून ही पद्धत बरीच पुढे आली आहे. इच्छा ठेवा. चुका होतात त्या तयारीत.

सगळी तयारी टबाभोवती करणं

ही सगळ्यात मोठी चूक. आम्ही टबाचं मॉडेल तीन आठवडे शोधत होतो. टब न भरताच बाळ आलं तर काय करायचं, यावर मात्र तीन मिनिटंही बोललो नाही. झटपट बाळंतपणात आधी पाण्याशिवायची तयारी करा. स्वच्छ टॉवेलांचा गठ्ठा, प्लास्टिकचं अंथरूण, बाळाची टोपी, गरम खोली, दाराची कडी काढलेली, मोठ्या मुलीला कोण बघणार ते ठरलेलं. हे सगळं हाताशी असलं आणि पाणीही भरून झालं, तर फारच छान.

कळा पाच मिनिटांवर येण्याची वाट पाहणं

पहिलटकरणीला सांगतात की कळा नियमित होऊ द्या, तीन-चार-पाच मिनिटांवर येऊ द्या, मग फोन करा. ज्यांचं आधीचं बाळंतपण तीन-चार तासांत झालंय त्यांना हा नियम लागू नाही. पहिली खरी कळ आली की फोन. पाणमोट फुटली की फोन. फोनवर पहिलं वाक्य हेच असू द्या: “माझं मागचं बाळंतपण पावणेतीन तासांत झालं होतं.” मी ते वाक्य तिसऱ्या मिनिटाला बोलले, तोवर पलीकडची बाई मला पॅरासिटामॉल घेऊन पडून राहायला सांगत होती. चूक तिची नव्हती. मी कळांच्या मधल्या वेळात शांतपणे बोलत होते, त्यामुळे तिला अंदाजच आला नाही. म्हणून बोलणं नवऱ्याकडे द्या, आणि एक कळ फोन चालू असतानाच येऊ द्या. आवाजावरून अनुभवी मिडवाइफला पुष्कळ कळतं.

अंग थरथरणं, ओकारी येणं, “आता मला नाही जमणार” असं वाटणं, शी लागल्यासारखा खाली दाब येणं, ही सगळी बाळ जवळ आल्याची चिन्हं आहेत. दुसरेपणी ही चिन्हं दिसल्यावर पाइप जोडत बसू नका.

पाण्याचा हिशोब न करणं

घरगुती टबात साधारण 500 ते 600 लिटर पाणी लागतं. गरम पाणी नळाला मिनिटाला 10 लिटर येत असेल, तर सगळं सुरळीत चालूनही 500 लिटरला 50 मिनिटं. त्याआधी टब फुगवणं, आतलं प्लास्टिकचं अस्तर बसवणं. ज्यांच्या घरी साठवणीची टाकी आहे त्यांची गोष्ट आणखी अवघड. 150 लिटरच्या टाकीत पाणी 60 अंशांवर असेल आणि नळाचं गार पाणी 10 अंशांवर, तर 37 अंशांचं पाणी सुमारे 275 लिटर होतं. म्हणजे अर्धा टब. पुढे टाकी पुन्हा तापेपर्यंत थांबा. आमचं नेमकं हेच झालं.

त्यात पाइपचं टोक आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सर नळावर बसेना. पितळी अडॅप्टर खोक्यात होता, पण तो वेगळ्या मापाचा. नवरा शेवटी हाताने धरून उभा राहिला आणि निम्मं पाणी सिंकमध्ये जात होतं. सदतिसाव्या आठवड्याच्या आधी एकदा रंगीत तालीम करा. टब फुगवा, पाइप जोडा, दहा मिनिटं पाणी सोडा आणि किती भरलं ते मोजा. तालमीत आपलं जास्तीचं अस्तर वापरा, खरं अस्तर बंदच ठेवा. पाइप पिण्याच्या पाण्याचा, नवा हवा. बागेतला नको. आणि 600 लिटर म्हणजे 600 किलो, हे वरच्या मजल्यावर लाकडी जमीन असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं.

पातेल्यांनी वेळ वाचत नाही, हेही सांगते. पाच लिटरचं पातेलं उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नळ कितीतरी पुढे गेलेला असतो. शिवाय बाई टबात असताना उकळतं पाणी जवळ आणणं धोक्याचं. आपल्याकडे बाळंतिणीला कडकडीत पाण्याने न्हाऊ घालायची सवय आहे, त्यामुळे आयांना कोमट टब गारच वाटतो. पण इथे मर्यादा आहे. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सूचनेप्रमाणे पाणी 37.5 अंशांच्या वर जाता कामा नये आणि दर तासाला तपासायला हवं. आईचं अंग जास्त तापलं की बाळाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. थर्मामीटर टबात तरंगत ठेवा आणि आईलाच तो वाचायचं काम द्या.

टब आधीच भरून ठेवणं

वेळ वाचवायचा हा मार्ग सगळ्यांनाच सुचतो, मलाही सुचला होता. आठवडाभर आधी भरा, हीटर आणि पंप लावून गरम ठेवा. हे अजिबात करू नका. कोमट, साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जंतू वाढतो. 2014 मध्ये इंग्लंडमध्ये अशा आधी भरून गरम ठेवलेल्या टबात जन्मलेल्या बाळाला लिजिओनेअर्स रोग (या जंतूमुळे होणारा गंभीर न्यूमोनिया) झाला आणि तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने असे टब वापरू नका, असं जाहीर केलं. टब फुगवून, अस्तर आणि पाइप तयार ठेवायला हरकत नाही. पाणी मात्र कळा सुरू झाल्यावरच.

अर्ध्या टबात किंवा एकट्याने बाळ होऊ देणं

मला हे कुणी नीट समजावलंच नव्हतं. पाण्यात जन्म घ्यायचा तर बाळ पूर्ण पाण्याखाली बाहेर यायला हवं आणि लगेच, सावकाश, तोंड वर करून पाण्याबाहेर आणायला हवं. एकदा चेहऱ्याला हवा लागली की बाळ श्वास घेऊ शकतं, मग ते डोकं परत पाण्यात जाता कामा नये. म्हणून पोटरीभर पाण्यात बसून बाळाला जन्म देणं हा मधला मार्ग नव्हे. बाळाचं डोकं येत असताना तुमचा पार्श्वभाग पाण्याबाहेर आला, तर बाहेरच राहा. बाळ घाईने वर ओढलं तर नाळ तुटण्याची भीती असते, आणि ती लगेच चिमटा लावून बंद करायला प्रशिक्षित हात लागतो.

तेव्हा मिडवाइफ पोचली नसेल आणि खाली दाब आला, तर टबातून बाहेर या. रुग्णवाहिकेला फोन करा: इंग्लंडमध्ये 999, महाराष्ट्रात 108. फोन स्पीकरवर ठेवा. जमिनीच्या जवळ, गुडघ्यांवर किंवा डाव्या कुशीवर राहा. जोर करू नका, फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत राहा. बाळ आलं की पुसा, छातीशी धरा, दोघांवर कोरडा टॉवेल टाका, टोपी घाला. नाळ ओढू नका, कापू नका. वार पडण्याची घाई करू नका. रक्त जास्त जातंय असं वाटलं तर फोनवरच्या माणसाला तेव्हाच सांगा, कारण झटपट बाळंतपणात जास्त रक्तस्रावाचा धोका असतो.

वैद्यकीय गोष्टी शेवटी विचारणं

जुळी, पायाळू बाळ, 37 आठवड्यांच्या आतली प्रसूती, वाढलेलं ब्लड प्रेशर, मागच्या खेपेचा मोठा रक्तस्राव, सिझर झालेलं असणं, यांतलं काही असेल तर पाण्याचा विचार डॉक्टरांशी बोलूनच. जीबीएस (ग्रुप बी स्ट्रेप) हा जन्मताना बाळाला लागू शकणारा जंतू तुमच्या तपासणीत आढळला असेल तर कळा सुरू होताच शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं असतं. कळा झपाट्याने आल्या तर त्याला वेळच उरत नाही, आणि बाळाला काही तास निरीक्षणाखाली ठेवावं लागतं. याचं बोलणं छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत उरकून घ्या.

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. तिथे मोजकी खासगी रुग्णालयं ही सोय देतात, आणि इंग्लंडसारखी घरी येणारी मिडवाइफची व्यवस्था पाठीशी नाही, म्हणून घरी टब भरायचा विचार नको. रुग्णालयाला थेट विचारा: रात्री दोनला आले तर टब कोण भरणार? किती वेळ लागतो? फक्त कळा पाण्यात काढू देता, की जन्मही? अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची मोठी संघटना कळा पाण्यात काढायला हरकत घेत नाही, जन्म मात्र बाहेरच व्हावा असं सुचवते. त्यामुळे डॉक्टरागणिक उत्तर बदलेल. आणि गणपतीच्या दिवसांत तारीख असेल तर रस्त्याचा हिशोब टबाच्या आधी करा.

आमच्या फ्रिजवर नंतर एक कागद बरेच दिवस होता, वहिनीच्या तिसऱ्या खेपेसाठी लिहिलेला. त्यावर पहिली ओळ मिडवाइफच्या फोनची. दुसरी, “मागचं बाळंतपण तीन तासांत” असं आधी सांगायचं. तिसरी, दाराची कडी. चौथी, टॉवेल आणि टोपी. पाचवी, वेळ असेल तर नळ सोडा. तिच्या वेळी वेळ होता. एक तास दहा मिनिटांत टब भरला आणि भाची पाण्यात झाली.