वावरातला कित्ता

आपल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विश्वासाची साक्ष द्यायला उभं राहायच्या आधी घरचा काटा तपासून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यातली कास्तकारीण, पऱ्हाटी आणि तूर यातच माझा जन्म गेला, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कापूस वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाठोडी काट्याला लागतात आणि आपण कोणत्या देवाला भजतो ते गावाला तिथं कळतं. पाच किलोची सीलबंद आट्याची पिशवी आकड्याला लावून बघा. स्प्रिंग गंजली असेल तर काटा बदला. गाठोड्याचं फडकं एकदा रिकामं तोलून ठेवा आणि तेवढंच वजा करा. ‘फडक्याचा अर्धा किलो’ असं तोंडी कापायची जी रीत आहे, ती आपल्या वावरात नको. दवानं कापूस जड होतो हे खरं, मग दव उतरल्यावर वेचणी लावा, पण ओलीच्या नावानं कट्टी करू नका. आकडा ज्या बाईचा तिनंच वाचावा. वह्या दोन ठेवा, एक तुमच्याकडे आणि एक त्यांच्यातल्या एकीकडे.

चुकाऱ्याचंही तसंच. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नको, असं बायबलातल्या लेवीयच्या १९ व्या अध्यायात स्पष्ट आहे. आमच्याकडे बायाच म्हणतात, रोज सुटे नको, बाजाराच्या दिवशी एकदम द्या. ठीक आहे, पण मग सकाळी द्या, त्या बाजाराला निघायच्या आधी. दुपारी तुम्ही तालुक्याहून परत आल्यावर हातात पडलेल्या पैशानं त्यांचा बाजार होत नाही. आणि ‘अजून कापूस विकला नाही’ हे त्यांना ऐकवू नका. भाव पडला तर ती जोखीम आपली, त्यांची नाही.

त्याच अध्यायात सरव्याचं आहे: वावराचे कोपरे पार खरडून काढू नका, पडलेलं गरिबाला आणि परक्याला राहू द्या. बायबलातल्या बवाज नावाच्या कास्तकारानं तर गड्यांना सांगितलं की सरवा वेचायला आलेल्या परक्या मुलखातल्या विधवेसाठी, रूथसाठी, पेंढ्यांमधून मुद्दाम काही ओढून टाका आणि तिला दटावू नका. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी झाली, गंजी लागली की दुसऱ्याच दिवशी वावरात ढोरं सुटतात. दोन दिवस थांबा. सरवा वेचायला आलेल्या म्हातारीला ‘कोणाला विचारून आलीस’ म्हणू नका. तुमची पोरं तिथंच खेळत असतात आणि सगळं ऐकत असतात.

धुऱ्याचं एकच सांगते. वखरताना दर वर्षी एक तास, म्हणजे वखराची एक ओळ, पलीकडे सरकवणारे कास्तकार आपल्यातही आहेत, आणि ते रविवारी पहिल्या रांगेत बसतात. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शेजाऱ्याची मेर सरकवू नको असं लिहिलंय. तुम्ही एक तास आत राहा. शेजारी खूण ठेवून असतोच.

मदत करायची तर मदतच करा. धान्याच्या पिशवीत पत्रक घालू नका. आमच्या गावात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, संशय लगेच येतो, आणि असं केलं तर तो वाजवीच आहे. यापो गावची दुर्कस गरिबांना कपडे शिवून द्यायची; तिचा बोललेला एक शब्दही बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत सापडत नाही. ती मेली तेव्हा विधवा रडत रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, तिनं शिवलेले कपडे दाखवत होत्या, एवढंच आहे. कोणी विचारलं की ‘तुम्ही असं का करता’, तर मात्र लाजू नका. ख्रिस्ताचं नाव घ्या, दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. (आपल्या लोकांना थांबणं फार जड जातं.)

काम दुसऱ्याच्या हातात द्यायला वेळेवर शिका. पंडिता रमाबाई १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन गेल्या. १९२२ साली त्या वारल्या, मुलगी मनोरमा त्यांच्या आधीच गेली होती, तरी त्यांनी केडगावला उभं केलेलं मुक्ती मिशन आजही चालू आहे. तिथं मुलींना नुसतं जेवू घातलं नव्हतं; छापखाना, विणकाम, शेती त्यांच्याच हातात दिली होती. आपल्या मंडळीत मात्र दानार्पणाच्या पेटीची किल्ली मंडळीच्या एकाच वडिलांच्या, म्हणजे पुढाऱ्याच्या, कमरेला वर्षानुवर्षं. दोन किल्ल्या करा. पैसे मोजायला एक तरुण पोरगी बसवा आणि हिशेब भिंतीला लावा.

घरातली प्रार्थना लहान ठेवा. जे लेकरू अडखळत वाचतं त्याच्याच हाती पवित्र शास्त्र द्या, हसू नका, मध्येच शब्द पुरवू नका. पाण्याच्या मोटारीची लाईन रात्रीची असली की मोठा पोरगा ओलिताला गेलेला असतो. त्याच्यासाठी खोळंबू नका, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय आमेन म्हणू नका. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल लिहितो. आजीचं नाव पहिलं आहे, हे माझ्या वयाच्या बायांनी ध्यानात घ्यावं.

आपलं रोजचं बायबल कोणा एका नातवाला द्यायचं ठरवा आणि आतापासून त्यात लिहीत जा. कागद पातळ असतो, शाई पलीकडे उतरते, म्हणून पेन्सिल घ्या. ज्या वचनानं धीर दिला त्याच्या बाजूला तारीख आणि कारण लिहा: पाऊस गेला, बैल मेला, सून बाळंत झाली. ‘परमेश्वर महान आहे’ असं लिहून नातवाला काही कळणार नाही, ते छापलेलंच आहे.

मागच्या कोऱ्या पानावर उधारी लिहा. आधी आपल्याकडून कोणाला किती देणं आहे ते, दुकानदाराचं बियाण्याचं आणि खताचं धरून. मग येणं. त्यातलं जे सोडून द्यायचं असेल ते स्वतःच्या हातानं आत्ताच खोडा आणि त्या माणसाला तसं जाऊन सांगा, कारण तुमच्या माघारी पोरं ते खोडणार नाहीत.